उचलून लावायचं दार

टॉडमॉर्डनच्या या घराचं पुढचं दार
अकरा वर्षं आम्ही उचलून लावलं.
मूठ धरायची, खांदा टेकायचा,
अंगठाभर वर घ्यायचं,
मग कुलपाची जीभ आपली खोबण शोधायची.
अच्युत दोन धक्क्यांत, शाल्मली लाथेनं,
मी कमरेनं, कारण माझे हात कायम पिशव्यांत.
मीटर वाचायला आलेला एक पोरगा
आत अडकला तेव्हा फार अदबीनं म्हणाला,
"बाई, दाराचं माझ्याशी काही वाकडं आहे का?"

उंबऱ्यालगतच्या लाल फरशीवर
पाव वर्तुळाचा ओरखडा,
कंपासपेटीतल्या कर्कटकानं काढावा तसा नेमका.
ओल वाढली की तो खोल व्हायचा,
आणि इथे ओल वाढायचे महिने मोजण्यापेक्षा
न वाढायचे मोजणं सोपं.

मग अच्युतचा खांदा धरला.
फिजिओथेरपीवाल्या बाईनं विचारलं,
जड काय उचलता?
काही नाही, हा म्हणाला, कवळ्या बनवतो मी, दातांच्या.
जरा थांबून: दार उचलतो. घरचं.
तिनं ते लिहून घेतलं.

शनिवारी शेजारचे ओल्ड्रॉइड आले,
ऐंशी पार केलेले, जन्मभर सुतारकी केलेले.
दुधाच्या क्रेटवर बसले आणि मला म्हणाले, चल, सुरू कर.
दाराखाली पाचर ठोकली.
वरच्या बिजागरीचा स्क्रू नुसत्या बोटांनी निघाला,
हलणाऱ्या दुधाच्या दातासारखा.
आतली खीळ एका अंगानं झिजून
संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखी.
भोकं एवढी सैलावलेली की पेन्सिल जावी.
देवाजवळची काडेपेटी आणली,
काड्यांची डोकी मोडून, डिंकात बुडवून
एकेका भोकात दाटीवाटीनं बसवल्या.
"आता उद्यापर्यंत हात लावू नकोस."
त्या रात्री आम्ही मागच्या बोळातून,
कचऱ्याच्या डब्यांमधून आत शिरलो,
आपल्याच घरात, चोरांसारखे.

रविवारी नव्या बिजागऱ्या, लांब स्क्रू,
चौकट ओलांडून मागच्या लाकडात घुसणारे.
शेवटचा मी आवळत होते तेव्हा ओल्ड्रॉइड
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"हे दार मीच बसवलं होतं. चौऱ्याहत्तर साली.
शुक्रवार होता. खिशात आखूडच स्क्रू होते.
सोमवारी येऊन बदलीन म्हटलं होतं."
भिंतीपलीकडून रोज ऐकत होते ते
तो सोमवार, फरशीवर घासत जाणारा.

काय बोलणार?
मी त्यांच्या चहात साखर घातली,
त्यांना चालत नाही हे विसरून,
आणि त्यांनी तो प्यायला.

आता दार एका बोटानं लागतं.
माझ्या कमरेला मात्र कुणी कळवलं नाही.
दुसऱ्या दिवशी कुलूप काढून नेहमीचा धक्का दिला
आणि तोल जाऊन थेट जिन्याच्या पायरीशी,
कांदे पार स्वयंपाकघरापर्यंत.
अच्युत हसला, खांदा धरून, आई गं म्हणत.
शाल्मलीला फोनवर सांगितलं.
ती ॲबर्डीनहून म्हणाली,
"म्हणजे आता मी आलेली तुम्हाला कळणार कसं?"

ओरखडा आहे तसाच आहे.
दार त्याच्यावरून जातं, न शिवता.

साडेसातला आम्ही जेवायला बसलो
तर भिंतीवर दोनदा टकटक.
आधी वाटलं पाइप.
मग परत.
मी आमटीचा डाव उलटा धरला
आणि दांडीनं दोनदा वाजवलं:
आलोय.
दोघंही.